सूरश्री केसरबाई : मुठीतला सूर ताऱ्यांच्या वाटेवर

१६ सप्टेंबर १९७७. या एकाच दिवशी संगीताच्या जगाने दोन थोर गायिका गमावल्या. पॅरिसमध्ये ग्रीक वंशाच्या ऑपेरा गायिका मारिया कॅलास वयाच्या ५३व्या वर्षी गेल्या, तर मुंबईत सूरश्री केसरबाई केरकर यांनी वयाच्या ८५व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. कॅलास यांची कारकीर्द अथेन्स, मिलान, लंडन, न्यूयॉर्क अशी जगभर पसरली होती. केसरबाईंची सारी कारकीर्द भारतातच घडली आणि आपला आवाज कोणी, कोठे, किती ऐकावा याचा निर्णय त्यांनी अखेरपर्यंत स्वतःच्या हाती ठेवला. तरीही दोघींपैकी केसरबाईंचाच आवाज आज पृथ्वीपासून सर्वांत दूर पोहोचला आहे. त्यांच्या निधनाच्या अवघे ११ दिवस आधी तो एका अंतराळयानातून निघाला होता.

केरी ते कोल्हापूर

मालवण, कट्टा, कुडाळपासून सावंतवाडीमार्गे तेरेखोल नदीपलीकडे पेडणे, डिचोली आणि फोंड्यापर्यंत पसरलेला पट्टा एकोणिसाव्या शतकात तीन राजवटींत विभागलेला होता. मालवणात ब्रिटिशांचा अंमल होता, सावंतवाडीला संस्थान होते आणि गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. मात्र या सीमा देवळांतील उत्सवांना, भजनांना आणि गाण्याबजावण्याला कधी अडवू शकल्या नाहीत. याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला, फोंडा तालुक्यातील केरी या छोट्या गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला.

फोंडा परिसर हा गोव्यातील प्रसिद्ध देवस्थानांचा मुलूख होय. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी या देवळांच्या आश्रयाने तेथे गायन-नर्तनाची परंपरा शतकानुशतके जोपासली गेली. ही परंपरा चालविणाऱ्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांचा गळा समाजाला हवा असे, त्यांचा मान मात्र समाजाच्या पंक्तीत बसत नसे. उत्सवात त्यांच्या गाण्यावाचून अडत होते आणि उत्सव सरला की त्यांची पायरी त्यांना दाखवून दिली जात होती. याच समाजातून पुढे भारतीय संगीताला एकाहून एक थोर गायिका लाभल्या. केसरबाईंच्या स्वभावातील ताठरपणा, मानधनाविषयीचा काटेकोरपणा आणि अपमान सहन न करण्याची वृत्ती यांचा उगम याच पार्श्वभूमीत शोधावा लागतो.

केसरबाई आठ वर्षांच्या असताना कुटुंब कोल्हापूरला आले. तेथे किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांना सुमारे आठ महिने शिकायला मिळाले. एवढ्या लहान वयात खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाचे संस्कार होणे ही मोठीच गोष्ट होती, परंतु ती तालीम टिकली नाही. कुटुंब गोव्याला परतले. तेथे डिचोलीजवळच्या लामगावी सावंतवाडी संस्थानात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे अधूनमधून येत असत. बुवांचा मुक्काम असेल तेवढे दिवस शिक्षण आणि ते निघून गेले की प्रतीक्षा, असा क्रम सुरू झाला.

गुरूच्या शोधात

वयाच्या सोळाव्या वर्षी आई आणि मामा यांच्यासमवेत केसरबाई मुंबईला आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबई ही गवयांना आश्रय देणारी नगरी होती. संस्थानिकांचे दरबार अजून नांदत होते, तथापि कापूस, कापड आणि सराफी पेढ्यांवर श्रीमंत झालेले शेटजीही आता गाण्याचे आश्रयदाते बनले होते. गोव्यातून येणाऱ्या गायिकांचा ओघ गिरगाव परिसरात स्थिरावत होता. सेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्या साहाय्याने केसरबाईंना पतियाळा दरबारचे सतारवादक बरकतउल्ला खाँ यांची तालीम मिळू लागली. खाँसाहेब मुंबईत येतील तेव्हाच शिकवणी होई. पुढे ते म्हैसूर दरबारी गेले आणि हीही शिकवणी संपली. त्यानंतर काही काळ भास्करबुवा बखले आणि पुन्हा वझेबुवा असे गुरू लाभले.

अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, बरकतउल्ला खाँ, भास्करबुवा ही त्या काळातील सर्वांत मोठी नावे होती. एवढ्या गुरूंचा सहवास लाभूनही केसरबाईंची तालीम तुकड्यातुकड्यांचीच राहिली. एका घराण्याची गायकी मुळापासून, वर्षानुवर्षे, एकाच गुरूसमोर बसून आत्मसात करण्याची संधी त्यांना तिशीच्या उंबरठ्यापर्यंत मिळाली नाही. अनेक गायिका या वयात प्रस्थापित होऊन मैफली गाजवीत असतात. केसरबाईंनी या वयात पुन्हा विद्यार्थिनी होण्याचा निर्णय घेतला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडेच शिकायचे, असा त्यांचा निर्धार होता.

खाँसाहेबांची तालीम

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ सालचा. राजस्थानातील उणियारा येथून निघालेला हा गवई कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारी स्थिरावला होता. तरुणपणी अतिरेकी गायनामुळे त्यांचा आवाज बसला आणि तो पूर्ववत झाला नाही, ही त्यांच्या आयुष्यातील निर्णायक घटना मानली जाते. उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी बुद्धीच्या बळावर घडविली. ठाय लय, गुंतागुंतीच्या फिरती, दोन रागांच्या मिलाफातून सिद्ध झालेले जोडराग आणि समेवर येण्याच्या अनपेक्षित वाटा ही तिची वैशिष्ट्ये. ही गायकी ऐकणाऱ्याला सुंदर वाटे, पण गाणाऱ्याची मात्र परीक्षा घेई.

१९२१ साली खाँसाहेबांनी केसरबाईंना शिष्या म्हणून स्वीकारले. तेव्हा गुरूचे वय ६६ होते. पुढील अकरा वर्षे केसरबाईंनी अन्य सर्व गोष्टी बाजूला सारून ही तालीम घेतली. खुल्या आकारात स्वर लावणे, एका दमात दीर्घ पल्ला पेलणे, तानेतील प्रत्येक स्वर वजनदार आणि स्वच्छ ठेवणे आणि हे सारे करताना विलंबित त्रितालाचे भान क्षणभरही न सोडणे, अशी ही साधना होती. प्रत्येक रागाचा तळ गाठेपर्यंत रियाज, अशी या घराण्याची रीत.

या गुरु-शिष्य संबंधात एक विलक्षण योग जुळून आला. खाँसाहेबांकडे गायकीचा संपूर्ण आराखडा होता, मात्र तो उभा करील असा गळा त्यांच्यापाशी आता उरला नव्हता. केसरबाईंचा आवाज भरदार, मंद्रापासून तारसप्तकापर्यंत सारख्याच वजनाने फिरणारा, दमसासाने समृद्ध असा होता. गुरूच्या मनातील इमारत शिष्येच्या गळ्यात साकार झाली. १९३०च्या सुमारास केसरबाई व्यावसायिक मैफली करू लागल्या, परंतु तालीम थांबली नाही. १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पाव शतक, त्या शिकतच राहिल्या.

खाँसाहेबांच्या शिष्यांमध्ये गोव्याच्याच कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर यांचेही स्थान तेवढेच मोठे आहे. मोगूबाईंनी आपली विद्या कन्या किशोरी आमोणकर आणि अन्य शिष्यांमार्फत पुढे नेली. केसरबाईंचा मार्ग वेगळा होता.

स्वतःच्या अटींवर

ध्वनिक्षेपक सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या काळात भरलेल्या सभागृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत केसरबाईंचा सूर पोहोचत असे. मैफलीस बसल्यावर तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत त्या गात नसत. अब्दुल मजीद खाँ यांची सारंगी त्यांच्या गाण्यामागे दीर्घकाळ सावलीसारखी वावरली. पहिला षड्ज लागला की मैफल ताब्यात येई, असे त्यांचे श्रोते पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. ललितागौरी, नटकामोद, कुकुभ बिलावल असे अनवट राग आणि तोडी, ललत, मालकंस असे प्रचलित राग त्या सारख्याच अधिकाराने गात.

कलकत्त्याने त्यांच्यावर विशेष प्रेम केले. रवींद्रनाथ टागोरांनी १९३८ साली त्यांचे गाणे ऐकून लेखी गौरव केला. तेथील संगीतप्रेमींच्या संस्थेने त्यांना दिलेली सूरश्री ही पदवी पुढे त्यांच्या नावाचाच भाग बनली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिका हा सन्मान त्यांना लाभला.

मात्र केसरबाईंची ख्याती त्यांच्या गाण्याइतकीच त्यांच्या परखडपणाची होती. मानधनाच्या बाबतीत त्या तडजोड करीत नसत. श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकले नाही तर नाराजी लपवीत नसत. मैफलीत काय गायचे हे त्या स्वतः ठरवीत. देवळाच्या आणि धनिकांच्या मर्जीवर ज्या समाजातील स्त्रियांचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून होते, त्या समाजातील एका स्त्रीने आपल्या गाण्याची किंमत स्वतः ठरवावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गर्विष्ठ हे विशेषण त्यांना अनेकांनी लावले. त्याच सुमारास पुरुष गवयांचा असाच ताठा बुजुर्गांचा बाणा म्हणून कौतुकाने सांगितला जात होता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

याच वृत्तीतून त्या आकाशवाणीपासून दूर राहिल्या. गाणे एकदा हवेत सोडले की ते कोठे वाजेल आणि कोण कसे ऐकेल यावर गायकाचा ताबा राहत नाही, ही गोष्ट त्यांना मानवणारी नव्हती. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी काही ध्वनिमुद्रिका दिल्या. त्या प्रत्येकी साडेतीन मिनिटांच्या आसपासच्या होत्या. तासभर फुलणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविणे म्हणजे वडाचे झाड कुंडीत लावण्यासारखे होते. खासगी मैफलींची थोडी ध्वनिमुद्रणेही मागे राहिली. एवढ्या दीर्घ कारकिर्दीच्या मानाने हा ठेवा फारच लहान आहे.

दुसऱ्या किनाऱ्यावर : मारिया कॅलास

त्याच दिवशी पॅरिसमध्ये निधन पावलेल्या मारिया कॅलास यांचे आयुष्य यापुढे ठेवून पाहिले म्हणजे केसरबाईंच्या निवडीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ऑपेरा हे मराठी संगीत नाटकाचे दूरचे भावंड म्हणता येईल. फरक असा की, तेथे गद्य संवादांना फारसे स्थान नसते आणि जवळजवळ संपूर्ण नाटक गाऊनच सादर होते. सोप्रानो म्हणजे स्त्रियांच्या आवाजातील सर्वांत उंच पट्टी. साठ-सत्तर वाद्यांचा ताफा समोर वाजत असताना ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज तेथेही लागतो.

कॅलास यांचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ग्रीक स्थलांतरित कुटुंबात झाला. १९३७ साली आईसमवेत त्या अथेन्सला गेल्या. तेथे एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेने त्यांना घडविले. जर्मनव्याप्त अथेन्समध्ये, उपासमारीच्या दिवसांत, १९४२ साली त्यांनी ग्रीक राष्ट्रीय ऑपेरात तोस्का ही भूमिका गायिली. युद्ध संपल्यावर २ ऑगस्ट १९४७ रोजी इटलीतील वेरोना शहराच्या प्राचीन रोमन रंगमंडलात त्यांनी ला जोकोंदा सादर केला. तेथील संगीत संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी त्यांचे सामर्थ्य ओळखले.

जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिस येथे घडलेला प्रसंग ऑपेराच्या इतिहासात अजून सांगितला जातो. कॅलास तेथे वाग्नरच्या दी वाल्क्यूरेमधील भारदस्त भूमिका गात होत्या. त्याच वेळी बेलिनीच्या ई प्युरितानी या ऑपेरातील नायिका आजारी पडली. ही भूमिका हलक्या, नाजूक, वेगवान ताना घेणाऱ्या आवाजाची. काही दिवसांत ती पाठ करून कॅलास यांनी रंगमंचावर यशस्वी केली. धृपदियाने त्याच आठवड्यात ठुमरीची मैफल जिंकावी, असा तो प्रकार होता. विस्मरणात गेलेले इटालियन ऑपेरा त्यांच्यामुळे पुन्हा रंगमंचावर आले.

त्यानंतर जगातील मोठी रंगमंदिरे एकामागून एक त्यांना खुली झाली. १९५१ साली मिलानचे ला स्काला, १९५२ साली लंडनचे कॉव्हेंट गार्डन, १९५४ साली शिकागो, १९५६ साली न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन. १९६० आणि १९६१ साली ग्रीसमधील एपिडॉरस येथील प्राचीन नाट्यगृहात त्यांनी अनुक्रमे नॉर्मा आणि मेदेआ सादर केले. १९६६ साली अमेरिकेचे नागरिकत्व सोडून त्यांनी ग्रीक नागरिकत्व स्वीकारले.

या जागतिक कारकिर्दीची किंमतही मोठी होती. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत नॉर्माचा पहिला अंक झाल्यावर आवाज साथ देईना, म्हणून त्यांनी प्रयोग सोडला आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठविली. त्याच वर्षी मेट्रोपोलिटनच्या व्यवस्थापनाशी खटका उडून करार संपुष्टात आला. लहरी आणि भांडखोर अशी त्यांची प्रतिमा जगभर रंगविली गेली. गाण्यापेक्षा खासगी आयुष्याचीच चर्चा अधिक होऊ लागली. सर्व प्रकारच्या भूमिकांना आवाज सढळपणे दिल्याने तो लवकर थकला. ५ जुलै १९६५ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये तोस्का गाऊन त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला, तेव्हा त्या केवळ ४१ वर्षांच्या होत्या. १९७३-७४ सालच्या जागतिक दौऱ्याचा शेवट जपानमधील सप्पोरो येथे झाला. निधनानंतर त्यांच्या अस्थींची रक्षा एजियन समुद्रात विसर्जित करण्यात आली.

कॅलास यांनी मागे ठेवलेला ध्वनिमुद्रित ठेवा मात्र प्रचंड आहे. व्हिक्तोर दे साबाता यांच्या संचालनाखाली १९५३ साली मुद्रित झालेला संपूर्ण तोस्का हा आजही मानदंड समजला जातो. विशेष म्हणजे कॅलास यांच्या या ध्वनिमुद्रिका आणि केसरबाईंच्या एचएमव्हीच्या तबकड्या एकाच ब्रिटिश उद्योगसमूहाच्या छत्राखाली निघाल्या. एकीच्या संपूर्ण नाट्यकृती जतन झाल्या, दुसरीची केवळ साडेतीन-साडेतीन मिनिटांची शकले उरली. एकीने आवाज उधळला आणि तो जगाच्या संग्रही राहिला. दुसरीने तो जपला, तारुण्य ओलांडल्यावरही सत्तरीपर्यंत टिकविला, आणि त्याचा फार थोडा अंश मागे उरला.

मुठीची किंमत

केसरबाईंनी १९६३-६४च्या सुमारास जाहीर मैफली थांबविल्या. आवाज उतरणीला लागल्यावर लोकांसमोर जायचे नाही, हा निर्णयही त्यांचा स्वतःचाच. शिष्यांच्या बाबतीत त्या अत्यंत चोखंदळ होत्या. अनेकांनी शिकण्याची इच्छा धरली, परंतु शिष्या म्हणून त्यांनी खऱ्या अर्थाने स्वीकारले ते एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांना.

कोल्हापूरच्या धोंडूताई अल्लादिया खाँ यांचे पुतणे नत्थन खाँ आणि पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या होत्या. घराण्याचा पाया आधीच पक्का असलेल्या या गायिकेला केसरबाईंनी साठच्या दशकात तालीम दिली. धोंडूताईंनीही ही विद्या निष्ठेने सांभाळली. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. जून २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि केसरबाईंसमोर बसून वर्षानुवर्षे शिकलेला हा एकमेव दुवा निखळला.

येथेच केसरबाईंच्या आयुष्यातील खरा पेच आहे. त्यांनी विद्या मुठीत ठेवली नसती तर तिचे अवमूल्यन झाले असते, असे त्यांना वाटे आणि तसे वाटण्यास त्यांच्या समाजाचा इतिहास पुरेसे कारण देतो. फुकटात वाटलेल्या कलेला मान मिळत नाही, हे त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी सोसलेले होते. परंतु मैफलीचे संगीत हे वारशाने चालते. ते शिष्याच्या गळ्यात उतरले तरच जगते. मोगूबाईंच्या दारातून जयपूर घराण्याच्या अनेक शाखा फुटल्या. केसरबाईंची गायकी तिच्या सर्वोच्च रूपात त्यांच्यापाशीच थांबली. मान राखण्यासाठी उभारलेल्या भिंतीने गाण्यालाही आत कोंडले, असे म्हणावे लागते. त्या भिंतीचा दोष एकट्या केसरबाईंच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. ती बांधण्याची गरज ज्या समाजाने निर्माण केली, त्याचाही त्यात वाटा आहे.

सोन्याची तबकडी

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने व्हॉयेजर ही दोन याने गुरू-शनीच्या दिशेने पाठविण्याची तयारी केली. ग्रहांची पाहणी करून ही याने सूर्यमालेबाहेर जाणार होती. कधी काळी परक्या बुद्धिमान जीवांच्या हाती पडलीच तर पृथ्वीची ओळख पटावी, यासाठी शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी तयार केली. तीत शंभराहून अधिक चित्रे, पृथ्वीवरील आवाज, ५५ भाषांतील अभिवादने आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. अभिवादनांमध्ये मराठीचाही समावेश आहे.

संगीताच्या निवडक २७ रचनांमध्ये बाख, बीथोव्हन, मोझार्ट यांच्याबरोबर लुई आर्मस्ट्राँगचा जॅझ आणि चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे. भारताच्या वाट्याला एकच जागा आली. संगीत-मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी त्यासाठी केसरबाईंच्या भैरवीची शिफारस केली. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारातून नाहीशी झालेली होती. समितीच्या सदस्य अ‍ॅन ड्रुयान यांनी बराच शोध घेतला. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या. साडेतीन मिनिटांच्या जात कहाँ हो या भैरवीने अशा रीतीने सोन्याच्या तबकडीत प्रवेश केला.

याच तबकडीत ऑपेराही आहे. मोझार्टच्या द मॅजिक फ्लूटमधील रात्रीच्या राणीचे प्रसिद्ध गीत त्यासाठी निवडले गेले. ते गायिले आहे जर्मन सोप्रानो एडा मोझर यांनी. कॅलास यांचा आवाज तेथे नाही. जगभरच्या रंगमंदिरांनी डोक्यावर घेतलेली गायिका पृथ्वीवर राहिली आणि आपला आवाज रेडिओवरही न सोडणारी केरीची गायिका आंतरतारकीय प्रवासाला निघाली.

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी, तर व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथून झेपावले. पुढच्या अकरा दिवसांत मुंबईत केसरबाई आणि पॅरिसमध्ये कॅलास यांची जीवनयात्रा संपली. व्हॉयेजर १ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. मानवाने बनविलेली एखादी वस्तू तेथवर पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॉयेजर २ नेही ती सीमा पार केली. व्हॉयेजर १ आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. सुमारे ४० हजार वर्षांनी ते एका दूरच्या ताऱ्याजवळून जाईल, तेव्हाही दोघांमधील अंतर दीड प्रकाशवर्षांहून अधिकच असेल. तबकडी ऐकणारे कोणी भेटेल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

गोव्यात कला अकादमीच्या वतीने सूरश्री केसरबाई केरकर स्मृती संगीत समारोह भरविला जातो. आधुनिक साधनांमुळे त्यांच्या जुन्या तबकड्याही नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. त्या साडेतीन मिनिटांत खुल्या आकारातील सूर, दमसास आणि तानेचे वजन यांचा अंदाज येतो. तासाभराच्या ललितागौरीत त्या काय करीत असतील, याची मात्र कल्पनाच करावी लागते.

भैरवी हा भारतीय मैफलीत शेवटी गायचा राग. व्हॉयेजरच्या तबकडीवरही केसरबाईंची भैरवी अखेरीकडेच, २७ रचनांमध्ये २५व्या क्रमांकावर आहे. ती तेथे ठेवणाऱ्यांनी हा संकेत पाळला की तो योगायोगाने पाळला गेला, याने फारसा फरक पडत नाही. आयुष्यभर आपली मैफल स्वतःच्या अटींवर गाजविणाऱ्या गायिकेची ही एकच भैरवी अशी आहे की, जिच्या श्रोत्यांची निवड तिने केलेली नाही.